निळ्या वड्या

वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. दूधवाला म्हणे, टपाल घेऊन येणारी मुलगी म्हणे, रस्त्यापलीकडच्या शेतात राबणारे लोकही म्हणत. खरं तसं नातं एकाचंच होतं, त्यांच्या धाकट्या दिराचं. नवरा गेल्यावर त्या घरात त्यांच्या सोबतीला तेवढा एकच माणूस होता. नोकरीच्या काळात त्यांना दुसरं नाव होतं, अंकुरबाई. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी ओल्या कागदावर शंभर-शंभर बिया मांडल्या आणि त्यांतल्या किती उगवल्या ते मोजलं. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायकांनी विणकाम काढलं, लेकींकडे मुक्काम हलवले. ह्यांनी घरामागच्या कोठारात फळ्या टाकल्या आणि पुन्हा बियाच मांडायला घेतल्या.

घर वस्तीपासून बाजूला पडलेलं. पुढे फळझाडं, डाव्या अंगाला तळं, तळ्याच्या काठाने वाळुंजाच्या झाडांची रांग, आणि मागे ते दगडी कोठार. खालच्या मजल्यावर रोपांचे ट्रे. वरच्या माळ्यावर जुना पेंढा, मोडकी अवजारं, आणि झरोक्याच्या आत टांगलेलं एक लाकडी खोकं. ते खोकं दोघा भावांनी फार वर्षांपूर्वी घुबडांसाठी ठोकलं होतं, आणि पांढऱ्या तोंडाच्या गव्हाणी घुबडांची जोडी त्यात जवळजवळ दर वर्षी पिल्लं काढत होती.

भाऊजी जमीनमोजणीत होते. जन्मभर दुर्बीण लावून त्यांनी लोकांच्या हद्दी ठरवल्या आणि शेवटी काचबिंदूने त्यांच्याच नजरेची हद्द आवळत आणली. डावा डोळा गेलाच होता, उजव्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळे. लग्न केलेलं नव्हतं, शहरातल्या खोलीत एकटं निभेना, म्हणून चार वर्षांपूर्वी ते भावाच्या घरी आले. आल्या आल्या त्यांनी वहिनींकडून घर ते कोठार आणि कोठार ते तळं अशी दोरी बांधून घेतली, दर दहा पावलांवर एक गाठ. त्या दोरीला हात लावून ते हिंडत. कुणी हाताला धरलेलं त्यांना खपत नसे.

दोघांचं बोलणं अहो-जाहोचं आणि बेताचं. पण रोज सकाळी चहा झाला की वहिनी एक जाड वही उघडून बसत आणि भाऊजी आदल्या दिवशी कानाने टिपलेलं सांगत. त्या उन्हाळ्याच्या तोंडची ती पानं चांगली भरगच्च होती. तळ्यात बेडकांनी अंडी घातली, मध्यान्हीपर्यंत नुसता कालवा. वाळुंजांना पिवळी लव आली, मधमाश्या पहिल्यांदा बाहेर पडल्या. सुतारपक्ष्याने मेलेलं झाड सोडून आपल्या टाकीचा पत्रा बडवायला सुरुवात केली आहे, त्याला कुणीतरी समजावा. हे शेवटचंही भाऊजींनी लिहायला लावलं होतं. सकाळी गवतावर अजून पांढरं दहिवर पडत होतं, पण ऊन चढलं की मातीला वास सुटायचा. आणि संध्याकाळ झाली की माळ्यावरून घोरल्यासारखा, फिसकारल्यासारखा आवाज येई. भाऊजींनी कान लावून सांगितलं, पिल्लं फुटली. किमान तीन. वहिनींनी लिहून घेतलं.

त्याच दिवसांत वहिनींच्या नाकी नऊ आले होते, तेही उंदरांमुळे.

त्यांच्या नवऱ्याला एकदा कुठल्याशा प्रवासात पिवळ्या पट्ट्यांचा टोमॅटो मिळाला होता. त्याच्या बिया वहिनींनी अकरा वर्षं दर हंगामात धरून ठेवल्या होत्या, निवडून, वाळवून, कागदी पुडीत घालून. मागच्या वर्षी झाडांवर करपा आला आणि पीक बुडालं, त्यामुळे नवं बी धरताच आलं नाही. जुन्या बियांच्या तीन पुड्या उरल्या होत्या. पहिली पुडी त्यांनी लावली, पाच दिवसांनी ट्रेमध्ये प्रत्येक खळग्यात बोटभर भोक आणि बाहेर सालपटं. दुसरी पुडी लावताना ट्रेवर जाळी टाकली. उंदरांनी जाळी एका कोपऱ्यातून उचलली आणि रांगेने, जणू जेवायला बसल्यासारखे, सगळं फस्त केलं.

पिंजरा होताच. त्यात आठवड्यात दोन सापडले, दोन्ही अडाणी पोरं. मोठे उंदीर पिंजऱ्याला वळसा घालून जात. ह्या घरात विष घालायचं नाही, हे भाऊजी आले त्या वर्षी ठरलं होतं. त्यांनी कारण सांगितलं होतं आणि वहिनींनी मान डोलावली होती. दुसरी पेरणी गेली तेव्हा त्यांनी भाऊजींना सांगितलंही. भाऊजी म्हणाले होते की उंदीर आहेत म्हणून घुबडं आहेत, राहू द्या हो ह्या वर्षी, टोमॅटो काय बाजारात मिळतात.

ते वाक्य वहिनींना लागलं. त्यांनी उलट काही म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या बी-खतांच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराने पुढे केलेला डबा घेऊन आल्या. आत निळ्या वड्या होत्या, साबणाच्या तुकड्यांएवढ्या. दुकानदाराने सांगितलं होतं की ह्याला वास येत नाही, उंदीर चार-पाच दिवसांत बाहेर जाऊन मरतात, घरात काही घाण होत नाही. वहिनींनी एवढंच विचारलं की मांजराला चालेल का. आमच्याकडे मांजर नाही, हेही त्यांनीच सांगितलं. घुबडांचं त्यांनी विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असं त्या पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिल्या, पण ते खरं नव्हतं. सुचलं होतं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना सुचलं होतं, आणि त्या परत वर गेल्या नव्हत्या.

बारा वड्या त्यांनी फळ्यांखाली, भिंतीच्या कडेकडेने ठेवल्या. तिसरी पुडी पेरली.

शुक्रवारपर्यंत कोठार शांत झालं. शनिवारी त्यांना दारात एक उंदीर दिसला, भर उजेडात, झिंगल्यासारखा. पळतही नव्हता. त्यांनी झाडू आणायला पाठ फिरवली तेवढ्यात तो कुठे गेला कुणास ठाऊक. सोमवारी पहिल्या बियांनी मान वर काढली. एकतीस वर्षांच्या सवयीने वहिनींनी मोजल्या: चाळीसपैकी चौतीस. जुन्या बियांना एवढी उगवण म्हणजे फारच झाली. त्या दिवशी त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या, आणि भाऊजींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, काही नाही, हवा छान आहे.

बुधवारी सकाळी पाण्याच्या टाकीखाली त्यांना मादी सापडली.

पंख अर्धवट पसरलेले, तोंड गवतात. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वहिनींनी तिला उताणी केली तेव्हा चोचीशी रक्ताचा एक थेंब वाळलेला दिसला. हातात ती इतकी हलकी लागली की त्यांना वाटलं, आत काही नाहीच, नुसती पिसं आहेत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग, भाऊजींना दिसत नाही हे माहीत असूनही, ती ओच्यात झाकून घेतली. फळझाडांच्या मागे खड्डा खणला, पुरली, वरून पालापाचोळा ओढला. घरात येऊन तीनदा हात धुतले आणि चहा टाकला.

भाऊजींनी वहीत लिहायला सांगितलं, काल संध्याकाळी घुबडांचा आवाज नाही. वहिनींनी लिहिलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, वारा होता, म्हणून ऐकू आलं नसेल. भाऊजी म्हणाले, असेल.

वारा नव्हता. वाळुंजाचं पान हललं तरी ज्याला कळतं त्याला हे कळलं नसेल असं कसं होईल, असा विचार वहिनींच्या मनात आला आणि त्यांनी तो बाजूला सारला. त्या दिवशी फळ्यांखाली वाकून त्यांनी उरलेल्या वड्या गोळा केल्या. बारापैकी तीन, त्याही कुरतडलेल्या. डब्यात भरल्या, डबा कपाटाच्या वर, मागे ढकलला. माळ्यावर मात्र त्या गेल्या नाहीत. शिडी तिथेच भिंतीला टेकलेली होती. येता-जाता ती दिसे. वरून मधूनच बारीक फिसफिस ऐकू येई, आणि ती ऐकू आली की त्यांना हायसं वाटे आणि लगेच त्याहून वाईट वाटे. नर अजून काहीबाही आणून टाकत असेल, त्यावर पोरं निभावतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. गुरुवार गेला. शुक्रवारीही वहीत तेच वाक्य, आवाज नाही, आणि लिहिताना त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

शनिवारी सकाळी भाऊजींनी चहाचा पेला बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, मागचे दोन आठवडे वाचून दाखवा."

वहिनींनी वाचलं. बेडूक, मधमाश्या, तळ्यावर आलेला खंड्या, पहिल्या पाकोळ्या.

"उंदरांचं काही आहे का त्यात?"

"उंदरांचं आपण कुठे लिहितो?"

"नाही लिहीत. पण ऐकू येतात. माझ्या खोलीच्या आढ्यात रोज संध्याकाळी त्यांची धावपळ असायची. मागच्या शुक्रवारपासून नाही. घुबडं ह्या मंगळवारपासून नाहीत." त्यांनी मान वहिनींच्या आवाजाच्या दिशेला वळवली. "काय ठेवलंत तुम्ही?"

खोटं बोलायचं तर आताच बोलायला हवं होतं, आणि ते त्यांच्याने झालं नाही. त्यांनी वड्यांचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, टाकीखालच्या मादीचं सांगितलं, कुठे पुरली तेही सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. दुकानाच्या पायऱ्यांवर मनात काय आलं होतं तेही त्या बोलून गेल्या.

भाऊजींनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," ते म्हणाले.

"म्हणूनच विचारलं नाही."

"आणि पिल्लं?"

"मी वर गेले नाही."

"तीन दिवस?"

भाऊजी उठले, दाराशी जाऊन दोरीवर हात ठेवला आणि कोठाराकडे चालू लागले. एरवी ते गाठी मोजत सावकाश जात. त्या दिवशी ते इतक्या वेगाने गेले की कोठाराच्या उंबऱ्याला ठेचकाळले आणि गुडघ्यावर पडले. वहिनी मागून धावल्या, पण त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. ते आपलेच उठले, चाचपडत शिडी शोधली, तिचे दोन्ही खांब घट्ट धरले आणि मान न वळवता म्हणाले, "चढा."

एकसष्टाव्या वर्षी वहिनी ती शिडी चढल्या. माळ्यावर चेपलेल्या पेंढ्याचा आणि कुजक्या मांसाचा वास होता. खोक्याचं मागचं झाकण त्यांनी उघडलं. आत चार पिल्लं होती. एक केव्हाच मेलेलं, सपाट झालेलं. तिघं एकमेकांवर रेलून बसलेली, मळक्या कापसाचे बोळे, त्यात वाकड्या चोची. झाकण उघडताच एकाने मान वर करून फिसकारायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटला नाही. कडेला एक आख्खा उंदीर पडला होता. बापाने आणून ठेवलेला, पण तो फाडून भरवायला आई नव्हती.

वहिनींनी वरूनच सगळं सांगितलं. खाली भाऊजी ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, डॉक्टरीणबाईंना फोन लावा.

डॉक्टरीणबाई गुराढोरांच्या. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी, मोठ्या आवाजाची बाई. दुपारी आल्या, शिडी चढल्या, तिघांनाही रक्त गोठायचं इंजेक्शन दिलं. वहिनींना त्यांनी दोष दिला नाही, दिला असता तर बरं झालं असतं असं वहिनींना वाटलं. डॉक्टरीणबाईंनी नुसतं समजावून सांगितलं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, आधी मंदावतो, उघड्यावर येतो. घुबडाला तो आयता सापडतो. मग ते विष घुबडाच्या अंगात साठतं, पिल्लांच्याही, आणि रक्त गोठेनासं होऊन आतल्या आत वाहतं. आता पिल्लांना स्वच्छ उंदीर हवेत, कात्रीने बारीक करून, दर तीन तासांनी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. आणि बाप जे आणून टाकेल ते काढून पुरून टाकायचं, कारण तो अजून ह्याच आवारातून पकडत असणार.

"ते मला करावं लागेल?" वहिनींनी विचारलं.

"करायला दुसरं कोण आहे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जगतीलच असं मी म्हणत नाही."

स्वच्छ उंदीर कुठे मिळणार? दूधवाल्याच्या गोठ्यात. गुरांच्या चाऱ्यात विष नको म्हणून तो नुसते सापळे लावत असे. वहिनी रिकामा डबा घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी मागे सारून त्यांच्याकडे पाहिलं. आजवर माझ्याकडे दूध मागायला आले, शेण मागायला आले, ट्रॅक्टर मागायला आले, तो म्हणाला, उंदीर मागायला कुणी आलं नव्हतं. मग काय झालं ते ऐकल्यावर तो हसायचा थांबला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाच्या किटलीबरोबर एक झाकणाचा डबा ओट्यावर ठेवून जाऊ लागला.

एरवी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर पाय घेणाऱ्या वहिनी. आता त्या मागच्या मोरीत बसून उंदीर कापत. पहिल्या दिवशी त्यांना दोनदा ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी कापता कापता रोपांना पाणी कधी द्यायचं याचा विचार केला, आणि तसा विचार करता येतो याचंच त्यांना भय वाटलं. चिमट्याने घास चोचीच्या कडेला लावायचा, पिल्लू तो ओढून घेई, गिळताना त्याचं सगळं अंग हेलकावे खाई. भाऊजी प्रत्येक वेळी शिडी धरायला येत. एकही खेप त्यांनी चुकवली नाही. पण बोलत नसत. पायरी ओली आहे, डावीकडे सरका, झालं का, एवढंच. वही टेबलावर मिटून पडली होती. चहा झाला की ते उठून आपल्या खोलीत जात. बाहेर वसंत ऐन भरात आला होता, फळझाडं फुलांनी पांढरी झाली होती, ससे भर दुपारी रानात एकमेकांच्या मागे धावत होते, आणि त्या घरात दोन माणसं एकमेकांना मीठ द्या म्हणण्यापलीकडे काही म्हणत नव्हती.

सोमवारी एक पिल्लू गेलं. सकाळच्या खेपेला ते आडवं पडलेलं होतं, पंखाखाली काळानिळा डाग. गुरुवारी दुसरं. ते आदल्या दिवशी चांगलं खात होतं, वहिनींनी त्याच्यावर आशा लावली होती. त्या ते तळहातावर घेऊन शिडी उतरल्या. खाली आल्यावर भाऊजींनी हात पुढे केला. वहिनींनी ते त्यांच्या ओंजळीत ठेवलं. भाऊजींनी अंगठ्याने त्याचं डोकं, चोच, पोटावरची लव चाचपली, पायांची नखं एकेक करून मोजली. मग परत दिलं.

नर रोज तिन्हीसांजेला येत असे. झरोक्यातून आत शिरून तोंडातलं टाकी आणि जाई. सकाळी वहिनी ते उचलत. एक उंदीर, कधी दोन. इतक्या खटपटीने त्याने आपल्या पोरासाठी आणलेलं ते त्या त्याच्या पोरासमोरून काढून घेत आणि पुरत. हे काम त्यांना उंदीर कापण्याहून जड गेलं. एकदा त्या शिडीच्या वरच्या पायरीवर तशाच बसून राहिल्या, उतरेनात.

"वहिनी?" खालून भाऊजी म्हणाले.

"येते."

"उशीर झाला म्हणून विचारलं."

"येते म्हटलं ना."

भाऊजींनी शिडी सोडली नाही. वहिनी वर बसून रडल्या, आवाज न करता, पण शिडी थरथरत असणार. बऱ्याच वेळाने त्या उतरल्या तेव्हा भाऊजींच्या तळव्यांवर शिडीच्या लाकडाचे वळ उठले होते.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उरलेलं पिल्लू तपासलं. वजन वाढत होतं, पिसांची टोकं फुटली होती, फिसकारणं तर असं की भाऊजींना अंगणात ऐकू यावं. त्या म्हणाल्या, हे आता जगेल, पण इथे ठेवलं तर ते माणसाच्या हातचं होईल. पलीकडच्या खोऱ्यात एका जुन्या धान्याच्या गोदामात घुबडांचं घरटं आहे, तिथली पिल्लं ह्याच्याच मापाची आहेत, त्यांत हे सोडून पाहू. घुबडांना मोजता येत नाही, एक जास्त झालं तरी ती भरवतात.

वहिनींना ते घरातच राहावं असं क्षणभर वाटलं.

तिघं डॉक्टरीणबाईंच्या जीपने गेली. बुटांच्या खोक्यात पेंढा घालून त्यात पिल्लू, आणि खोकं भाऊजींच्या मांडीवर. ते त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोदामाच्या तुळईवर चढून पिल्लू बाकीच्या तिघांच्या मध्ये ठेवलं. मग गाडी दूर उभी करून सगळे वाट पाहत बसले. उजेड मावळत आला. झरोक्याशी एक पांढुरकी सावली दिसली, आत गेली. आतून एकच गिल्ला झाला. भाऊजींनी काच खाली करून कान बाहेर काढला होता.

"चार आवाज आहेत," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "चौथा आपला. त्याला घास मिळाला. गप्प झाला."

घरी आल्यावर वहिनींनी पोळ्या टाकल्या आणि दोघं जेवली. माळा रिकामा होता. नर त्यानंतर चार-पाच संध्याकाळी आला, झरोक्यात बसून एकदोनदा ओरडला आणि मग यायचा बंद झाला. तो मेला की दुसरीकडे गेला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

टोमॅटोची रोपं मात्र वीतभर झाली होती. चौतीसच्या चौतीस, हिरवीगार, जाड देठांची. वहिनींना त्यांच्याकडे बघवत नसे. एकदा त्यांनी सगळे ट्रे उचलून उकिरड्यावर न्यायला काढले. भाऊजींना ट्रेंचा खडखडाट ऐकू आला, ते दोरी धरून कोठारात आले आणि काय चाललंय म्हणून विचारलं. वहिनींनी सांगितलं.

"त्याने काय होणार?" भाऊजी म्हणाले.

"काही नाही होणार."

"मग ठेवा खाली." ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. "दुसऱ्या पेरणीला तुम्ही मला सांगायला आला होतात. दादाचं बी आहे हे मला माहीत होतं. आणि मी तुम्हाला बाजारातले टोमॅटो दाखवले."

वहिनी ट्रे हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही," ते पुढे म्हणाले. "विसरायचा प्रयत्न केला, जमत नाही. पण हे झालं तेव्हा मी ह्याच घरात होतो, आणि एकाही पेरणीला मी कोठारात पाय ठेवला नव्हता. नुसतं ऐकून वहीत लिहायला सांगत होतो."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं की काकडीचे ट्रे भरायचेत, माती दाबायला याल का.

तेव्हापासून भाऊजी दुपारी कोठारात येऊन बसू लागले. वहिनींनी फळ्यांचे पाय पाण्याच्या डब्यांत उभे केले होते, वरून छपराला टांगलेली जाळी सोडली होती, तरी उंदीर परतले होतेच आणि एखादी रांग खाऊन जात होतेच. भाऊजी बोटांनी खळगे चाचपत, माती भरत, अंगठ्याने दाबत. हात मोजणीदाराचा, ओळ कधी वाकडी झाली नाही. पण काकडीच्या बिया एकमेकींना चिकटतात, आणि त्यांच्या बोटांना ते कळत नसे.

आठ दिवसांनी ट्रे उगवले तेव्हा वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊजी, एका खळग्यात दोन दोन टाकलेत. आता एक उपटावं लागणार."

"मी एकच टाकली होती."

"हे काय मग? जुळं झालं?"

"बी तुमचं. उगवलंय जास्त, त्यात माझी काय चूक?"

"एकतीस वर्षं मी हेच काम केलं, मला शिकवू नका."

"शिकवत नाही. पुढचा ट्रे द्या."

वहिनींनी पुढचा ट्रे त्यांच्यासमोर सरकवला, बियांची वाटी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली, आणि स्वतः खाली बसून जोडरोपांतलं कुठलं ठेवायचं ते एकेक करून पाहू लागल्या.